तापमानाची बेरीज होत नाही

शालेय विज्ञानात काही संकल्पना नेहमी जोडीने येतात. वस्तुमान आणि वजन, चाल आणि वेग, उष्णता आणि तापमान. परीक्षेत त्यांच्यावर 'फरक स्पष्ट करा' असा प्रश्न ठरलेला असतो आणि त्याचे दोन रकान्यांचे उत्तरही ठरलेले असते. उष्णता ही ऊर्जा आहे, तिचे एकक ज्यूल किंवा कॅलरी. तापमान ही उष्णतेची पातळी, तिचे एकक अंश सेल्सिअस. एवढे लिहिले की गुण मिळतात.

असे उत्तर लिहिणाऱ्या मुलांना आणखी एक प्रश्न विचारून पाहावा. एका पेल्यात ३० अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी आहे. दुसऱ्या पेल्यातही तेवढेच पाणी आहे आणि त्याचेही तापमान ३० अंश आहे. दोन्ही पेले एका पातेल्यात ओतले तर पातेल्यातील पाण्याचे तापमान किती होईल? वर्गातून '६० अंश' असे उत्तर आल्याशिवाय राहत नाही. काही वेळा ते हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांकडूनच येते. म्हणजे दोन रकाने पाठ झाले, फरक मात्र कळलेला नाही.

हा फरक मुलांना कसा सांगावा, याचा विचार आपण या लेखात करणार आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: व्याख्येपासून सुरुवात करू नये, रेणूंच्या हालचालीपासून तर मुळीच करू नये. सुरुवात मिसळण्यापासून करावी. दोन वस्तू एकत्र केल्या असता ज्याची बेरीज होते ती उष्णता. ज्याची बेरीज होत नाही ते तापमान. हे एक सूत्र हाती असले की पुढचे बरेच काही आपोआप उलगडते.

चुकीच्या उत्तरात दडलेले बरोबर

'६० अंश' हे उत्तर चूक आहे यात शंका नाही. पण ते कोठून आले हे पाहण्यासारखे आहे. इस्रायलमधील सिडनी स्ट्रॉस आणि रूथ स्टॅव्ही या दोन संशोधकांनी १९७० ते ८० च्या दशकांत लहान मुलांना याच स्वरूपाचे प्रश्न विचारले. सारखेच गार पाणी असलेले दोन पेले मुलांसमोर ठेवायचे, ते एका भांड्यात ओतायचे आणि विचारायचे, 'आता पाणी पहिल्याइतकेच गार असेल, की जास्त गार?' त्यांना जे आढळले ते चकित करणारे होते. बालवाडीच्या वयाची मुले बहुधा बरोबर उत्तर देत: पाणी तितकेच गार राहील. त्यांच्याहून मोठी, प्राथमिक शाळेत जाऊ लागलेली मुले मात्र चुकत: पाणी दुप्पट आहे, म्हणून ते जास्त गार होईल. आणखी काही वर्षांनी मुले पुन्हा बरोबर उत्तराकडे येत. तोच प्रश्न अंशांचे आकडे घालून विचारला की चूक आणखी मोठ्या वयापर्यंत टिकून राही.

म्हणजे वय वाढले, शाळा सुरू झाली आणि उत्तर बिघडले! असे का व्हावे?

बालवाडीतील मूल पाण्याच्या प्रमाणाकडे लक्षच देत नाही. त्याच्या दृष्टीने गार पाणी म्हणजे गार पाणी. त्याचे उत्तर बरोबर असते, पण ते विचार करून आलेले नसते. मोठे मूल पाण्याचे प्रमाण वाढले हे हेरते. पाणी दुप्पट झाले, तर त्याबरोबर आणखीही काहीतरी दुप्पट झाले असले पाहिजे, असा तर्क ते करते. आणि आकडे दिसले की बेरीज करायची, ही सवय आपणच त्याला गणिताच्या तासाला लावलेली असते.

गंमत अशी की या मुलाचा तर्क अर्धा खरा आहे. दोन पेले गरम पाणी एकत्र केले तेव्हा खरोखरच काहीतरी दुप्पट झाले. पाणी गरम करण्यासाठी लागलेली उष्णता दोन पेल्यांना मिळून एका पेल्याच्या दुप्पटच लागली होती. मुलाला जे दुप्पट झाले ते जाणवले आहे; पण त्याच्याजवळ त्यासाठी वेगळा शब्द नाही. 'गरम' हा एकच शब्द आहे आणि तोच ते तापमानालाही लावते. अशा मुलाला नुसते 'चूक' म्हटले, तर त्याच्या विचारातला खरा भागही आपण पुसून टाकतो. पुढे ते विचार करणे सोडते आणि रकाने पाठ करते. म्हणून शिक्षकाने सांगावे, 'तू म्हणतोस तसे काहीतरी दुप्पट झाले आहे. ते काय, हे आपण शोधू या. पण तापमापीत जे दिसते ते दुप्पट झालेले नाही.'

साखर आणि गोडी

हा फरक समजावण्यासाठी आपल्याजवळ एक घरगुती दाखला आहे. दोन पेले लिंबाचे सरबत घ्या. प्रत्येकात दोन चमचे साखर घातलेली आहे. दोन्ही पेले एका भांड्यात ओतले तर साखर किती झाली? चार चमचे. आणि सरबत दुप्पट गोड झाले का? पहिली-दुसरीतील मूलही हसून 'नाही' म्हणेल, आणि शंका असेल तर चव घेऊन पाहील.

साखरेची बेरीज होते, गोडीची होत नाही. तशीच उष्णतेची बेरीज होते, तापमानाची होत नाही.

आता एका पेल्यात अगोड आणि दुसऱ्यात फार गोड सरबत असेल तर? एकत्र केल्यावर मधली चव येईल. गोड सरबत जास्त असेल तर चव गोडाकडे झुकेल. पाण्याचेही असेच. २० अंशाचा एक पेला आणि ६० अंशाचा एक पेला मिसळला तर ४० अंशाचे पाणी मिळते. पण ६० अंशाचे दोन पेले आणि २० अंशाचा एक पेला घेतला, तर उत्तर ४० नव्हे, सुमारे ४७ येते. (६० + ६० + २० = १४० आणि १४० भागिले ३.) आंघोळीचे पाणी विसावताना घरातील प्रत्येक माणूस हे गणित न लिहिता करीतच असतो.

हाच विचार पुढे नेण्यासाठी आंघोळीच्या बादलीचे उदाहरण फार उपयोगी पडते. शेगडीवर एक लिटर पाण्याचे पातेले आहे. त्यातील पाणी २५ अंशांवरून ९५ अंशांपर्यंत तापवले. शेजारी १५ लिटरची बादली आहे. तिच्यातील पाणी २५ अंशांवरून नुसते ४० अंशांपर्यंत, म्हणजे कोमट केले. तापमान कोणाचे जास्त? अर्थातच पातेल्याचे. उष्णता कोणाला जास्त लागली? एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. तेव्हा पातेल्याला १ × ७०, म्हणजे ७० किलोकॅलरी लागल्या. बादलीला १५ × १५, म्हणजे २२५ किलोकॅलरी लागल्या. कोमट बादलीने कढत पातेल्याच्या तिपटीहून अधिक उष्णता घेतली! ज्यांच्या घरी पाण्याचा बंब पेटतो किंवा गॅसची टाकी किती दिवस पुरते याचा हिशेब ठेवला जातो, त्यांना हे पटवून द्यावे लागत नाही. सरपण आणि गॅस यांचा खर्च उष्णतेचा असतो, तापमानाचा नव्हे.

येथे एक प्रश्न मुले हमखास विचारतात. बादलीने जास्त उष्णता घेतली आहे, तर पातेले बादलीत तरंगत ठेवल्यावर उष्णता बादलीकडून पातेल्याकडे जाईल का? नाही. ती पातेल्याकडून बादलीकडेच जाईल. उष्णता कोणी किती घेतली आहे यावर तिचा प्रवाह ठरत नाही. तापमान कोणाचे जास्त आहे यावर ठरतो. पाण्याच्या दोन टाक्या नळीने जोडल्या तर पाणी मोठ्या टाकीकडून लहान टाकीकडे जाते असे नाही. ज्या टाकीतील पातळी उंच तिच्याकडून ते वाहते. तापमान ही अशी पातळी आहे. दोन्ही वस्तूंचे तापमान सारखे झाले की उष्णतेची देवघेव थांबते.

वर्गात करण्याजोगे तीन प्रयोग

प्रयोगांसाठी प्रयोगशाळेतील साधा तापमापी घ्यावा, शक्यतो रंगीत अल्कोहोलचा. पारा विषारी असल्याने पाऱ्याचा तापमापी लहान मुलांच्या हाती देऊ नये. ताप मोजण्याचा तापमापी तर मुळीच वापरू नये. तो साधारण ३५ ते ४२ अंशांपुरताच असतो आणि पाऱ्याचा असल्यास गरम पाण्यात फुटतो. उकळते पाणी हाताळण्याचे काम शिक्षकांनी स्वतः करावे.

पहिला प्रयोग मिसळण्याचा. वर सांगितल्याप्रमाणे सारख्या आणि वेगळ्या तापमानाचे पाणी मिसळावे. मात्र प्रत्येक वेळी मिसळण्यापूर्वी प्रत्येक मुलाने आपला अंदाज वहीत लिहिलाच पाहिजे. अंदाज न लिहिता केलेला प्रयोग म्हणजे नुसती करमणूक. उत्तर अपेक्षेपेक्षा एक-दोन अंशांनी कमी येईल, कारण भांडे आणि हवा यांनीही थोडी उष्णता घेतलेली असते. ती त्रुटी लपवू नये. 'राहिलेली उष्णता कोठे गेली?' हा उत्तम प्रश्न आहे.

दुसरा प्रयोग पदार्थ बदलण्याचा. १०० ग्रॅम लोखंडी खिळे दोऱ्याने बांधून उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवावेत, चटकन झटकून २० अंशाच्या १०० ग्रॅम पाण्यात सोडावेत आणि ढवळून तापमान पाहावे. उकळते पाणी मिसळले असते तर ६० अंश झाले असते. खिळ्यांच्या बाबतीत तापमापी जेमतेम २८ ते ३० अंश दाखवील. तेवढ्याच वजनाचे आणि तेवढ्याच तापमानाचे लोखंड पाण्याला इतकी कमी उष्णता देऊ शकले! लोखंड एक अंशाने तापायला त्याच वजनाच्या पाण्याच्या सुमारे एक नवमांश उष्णता लागते, आणि निवताना ते तेवढीच परत देते. वरच्या वर्गात यालाच आपण विशिष्ट उष्माधारकता म्हणतो. समुद्राकाठची मुंबई मे महिन्यात नागपूरइतकी तापत नाही आणि जानेवारीत तितकी गारठतही नाही, याचे एक मोठे कारण पाण्याच्या याच गुणात आहे.

तिसरा प्रयोग बर्फाचा. बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी एका भांड्यात घेऊन तापमापी ठेवावा. तो शून्य अंशाच्या आसपास स्थिरावेल. भांड्याखाली मेणबत्ती ठेवावी, सतत ढवळत राहावे आणि दर मिनिटाला मुलांकडून नोंद करून घ्यावी. मेणबत्ती जळते आहे, उष्णता भांड्यात जाते आहे, तरीही बर्फ संपेपर्यंत तापमान जवळजवळ हलत नाही. येथे उष्णता आणि तापमान यांची फारकत डोळ्यांना दिसते. उष्णता दिली, तापमान वाढले नाही. मग ती गेली कोठे? बर्फाचे पाणी करण्यात. एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ८० कॅलरी लागतात. तेवढ्याच उष्णतेने एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापले असते!

पाणी उकळतानाही हेच घडते. मात्र तापमापी बरोबर १०० अंश दाखवील, अशी अपेक्षा ठेवू नये. समुद्रसपाटीपासून जसजसे वर जावे तसतसा उत्कलनबिंदू दर ३०० मीटरला सुमारे एक अंशाने उतरतो. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते, महाबळेश्वरला ९५-९६ अंशांना. अशा वेळी 'तापमापी बिघडलेला आहे' असे सांगून १०० चा आकडा वहीत लिहायला लावणारे वर्ग आम्ही पाहिले आहेत. मुलांच्या डोळ्यांनी खरे पाहिले आणि हाताने पुस्तकातले लिहिले, तर तो तास विज्ञानाचा राहत नाही.

शास्त्रज्ञांनाही वेळ लागला

मुलांना हा फरक चटकन समजत नाही म्हणून शिक्षकांनी निराश होऊ नये. विज्ञानालाच तो समजायला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. इटलीत फ्लॉरेन्स येथे १६५७ ते १६६७ या काळात 'आकादेमिया देल चिमेंतो' ही प्रयोग करणाऱ्यांची संस्था होती. तिच्याजवळ काचेचे सुरेख तापमापी होते. त्यांनी बर्फ आणि गरम पाणी यांवर पुष्कळ प्रयोग केले. पण 'किती गरम' आणि 'किती उष्णता' हे दोन प्रश्न त्यांच्या मनात वेगळे झालेले नव्हते. साधन हाती आले, पण आपण नेमके काय मोजत आहोत याचा उलगडा झाला नव्हता. फॅरनहाइटने १७१४ च्या सुमारास पाऱ्याचे भरवशाचे तापमापी बनवले, १७४२ मध्ये सेल्सिअसने आपली शंभर भागांची मोजपट्टी मांडली, तरी गोंधळ होताच.

तो दूर केला स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने. ग्लासगो विद्यापीठात शिकवीत असताना १७६० च्या सुमारास त्याने फॅरनहाइटच्या एका जुन्या प्रयोगाचा नव्याने विचार केला. समान आकारमानाचे पाणी आणि पारा मिसळायचा; पाणी १०० अंश फॅरनहाइट आणि पारा १५० अंश फॅरनहाइट. मधला आकडा १२५. पण ब्लॅकने दिलेल्या हिशेबानुसार मिश्रणाचे तापमान १२० च येते. (आजच्या मोजमापांप्रमाणे ते ११५-११६ च्या जवळ येईल.) पाऱ्याचे ३० अंश उतरले आणि पाण्याचे फक्त २० चढले. पाऱ्याने जी उष्णता दिली तीच पाण्याने घेतली. मग एकाचे ३० अंश आणि दुसऱ्याचे २० अंश सारखे कसे? ब्लॅकने उत्तर दिले की अंश म्हणजे उष्णता नव्हे. सारख्याच उष्णतेने वेगवेगळ्या पदार्थांचे तापमान वेगवेगळ्या अंशांनी बदलते. बर्फ वितळताना तापमान न वाढवता उष्णता सामावली जाते, हेही त्यानेच मोजून दाखवले.

या इतिहासातून आपल्यासाठी दोन गोष्टी निघतात. एक, तापमापी हाती दिल्याने फरक कळत नाही. दुसरी, तो कळतो मिसळण्याच्या प्रयोगातून, आणि अपेक्षित आकडा चुकतो तेव्हा. आजही उष्णता सरळ मोजणारा तापमापीसारखा साधा उपकरणप्रकार नाही. आम्ही प्रयोगशाळेत उष्णता मोजतो तेव्हा ती बहुधा ज्ञात पदार्थाच्या तापमानातील बदलावरून किंवा पुरवलेल्या विजेच्या हिशेबावरून काढतो.

हाताची साक्ष

मुलांचा पहिला तापमापी म्हणजे त्यांचा हात. तो पुष्कळदा उपयोगी पडतो, पण तो तापमान मोजत नाही. तीन भांडी घ्या: एकात गार, एकात सोसवेल इतके गरम आणि मधल्यात कोमट पाणी. एक हात गार पाण्यात, एक गरम पाण्यात मिनिटभर ठेवा आणि मग दोन्ही हात मधल्या भांड्यात घाला. एक हात म्हणेल 'गरम', दुसरा म्हणेल 'गार'. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने १६९० मध्येच याचा उल्लेख केलेला आहे.

दुसरा दाखला स्वयंपाकघरातला. थंडीच्या दिवसांत सकाळी स्टीलची परात आणि लाकडी पोळपाट यांना हात लावा. परात गार लागते, पोळपाट तितका लागत नाही. रात्रभर एकाच खोलीत असल्यामुळे दोन्हींचे तापमान मात्र सारखेच असते. परात हातातील उष्णता भराभर ओढून घेते, लाकूड सावकाश घेते. हात सांगतो ते त्याच्यातून उष्णता किती वेगाने जाते किंवा येते एवढेच. याचा ताळा पाहायचा असेल तर बर्फाचा एकेक सारखा खडा दोन्हींवर ठेवा. हाताला जी 'गार' लागली त्या परातीवरच बर्फ आधी वितळतो! मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा सावलीतली परातसुद्धा पोळपाटापेक्षा गरम लागते. तेव्हा उष्णता उलट दिशेने, परातीकडून हाताकडे, येत असते.

लोकरीचेही तसेच. 'स्वेटर गरम असतो' असे आपण म्हणतो आणि मुले ते शब्दशः खरे मानतात. तापमापी स्वेटरात गुंडाळून ठेवून पाहू द्या. आकडा वाढत नाही. मग बर्फाचा खडा स्वेटरात गुंडाळायला सांगा आणि दुसरा उघडा ठेवा. गुंडाळलेला खडा लवकर वितळेल असे बहुतेक मुले सांगतात. घडते उलटे. बर्फवाला लादी गोणपाटात आणि लाकडाच्या भुशात का ठेवतो, याचे उत्तर त्यांना येथे मिळते. लोकर उष्णता देत नाही, तिची ये-जा रोखते. 'थंडी आत येते' हेही असेच. दारातून थंड हवा आत येईल, पण 'थंडी' नावाची वेगळी वस्तू नाही. जाते ती आपल्या अंगातील उष्णता.

फुलबाजीचे उदाहरण मात्र फक्त सांगण्यासाठी आहे, करून पाहण्यासाठी नाही. तिच्यातून उडणाऱ्या बारीक ठिणगीचे तापमान हजार अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते, तरी ती हातावर पडली तर बहुधा भाजत नाही. चहाचा पेला सांडला तर मात्र फोड येतात. ठिणगीचे तापमान प्रचंड, पण तिच्यातला पदार्थ कणभर, म्हणून ती देते ती उष्णता अल्प. तिची जळती तार किंवा डोळ्यात गेलेली ठिणगी मात्र मोठी इजा करू शकते, हेही त्याच वेळी सांगावे.

घरातील शब्द आणि वर्गातील शब्द

मराठीत आपल्यापुढे आणखी एक अडचण आहे. 'पपई उष्ण असते', 'आंबे खाऊन उष्णता झाली', 'गुलकंद थंड असतो' ही वाक्ये मुले घरी ऐकतात. येथे उष्ण आणि थंड हे शब्द खाल्लेल्या पदार्थाचा शरीरावर होणारा परिणाम सांगण्यासाठी परंपरेने वापरलेले आहेत. पपईत तापमापी खुपसला तर तो खोलीचेच तापमान दाखवील. घरच्या बोलण्याची थट्टा करण्याचे कारण नाही. एक शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांनी येतो, एवढे स्पष्ट करावे. 'ताप किती आहे?' या प्रश्नाचे उत्तर मात्र आपण अंशांत देतो. म्हणजे तेथे आपण तापमानच विचारत असतो.

म्हणून वर्गात पहिल्यापासून दोन शब्द काटेकोरपणे वापरावेत. 'किती गरम?' म्हणजे तापमान. 'किती उष्णता दिली, किती घेतली?' म्हणजे उष्णता. 'उष्णता ३० अंश आहे' असे शिक्षकांच्या तोंडून चुकूनही जाऊ नये.

साखरेची उपमा कोठे सोडावी

कोणतीही उपमा एका मर्यादेपर्यंतच चालते. उष्णतेला साखरेसारखे मानले की ती वस्तूत भरून ठेवलेला एखादा पदार्थच आहे, असे वाटू लागते. अठराव्या शतकात पुष्कळ शास्त्रज्ञांना तसेच वाटत होते. १७९८ मध्ये काउंट रम्फर्डने म्यूनिक येथील तोफांच्या कारखान्यातील निरीक्षण प्रसिद्ध केले: तोफेला भोक पाडताना घर्षणाने उष्णता निघतच राहते, ती संपत नाही. पदार्थ असता तर केव्हातरी संपला असता! पुढे १८४० च्या दशकात जूलने केलेले काम आणि मिळालेली उष्णता यांचे ठरावीक प्रमाण मोजले आणि उष्णता हे ऊर्जेचेच एक रूप असल्याचे स्पष्ट झाले.

मुलांना हे हात एकमेकांवर चोळून कळते. बाहेरून कोणी 'साखर' घातली नाही, तरी हात गरम झाले. वरच्या वर्गात एवढे जोडावे की काटेकोर भाषेत वस्तूत साठलेली असते ती आंतरिक ऊर्जा. तापमानातील फरकामुळे एका वस्तूकडून दुसरीकडे जाते ती उष्णता.

कोणत्या वयात किती सांगावे? आमच्या मते पहिली ते चौथीपर्यंत स्पर्श, मिसळणे आणि तापमापी वाचणे पुरे. पाचवी-सहावीत दोन शब्द वेगळे करावेत आणि बादली-पातेल्याचा हिशेब करून घ्यावा. रेणूंची हालचाल सातवीनंतर आणावी. ती लवकर सांगितली तर मुले 'रेणू तापतात आणि फुगतात' अशी नवीच कल्पना करून घेतात.

शेवटी, पाठ झाल्यावर विचारण्यासाठी चार प्रश्न देत आहोत. त्यांची उत्तरे पाठ केलेल्या रकान्यांतून निघत नाहीत, म्हणूनच ते विचारावेत.

१. उकळत्या आमटीचे पातेले शेगडीवरून उतरवले. त्यातील एक वाटी वाढून घेतली. वाढल्या क्षणी वाटीतील आणि पातेल्यातील आमटीच्या तापमानात फरक असेल का? आधी कोण निवेल, आणि का?

२. भात उकळू लागल्यावर आच मोठी केली तर पातेल्यातील पाण्याचे तापमान वाढेल का? मग जास्तीची उष्णता काय करील?

३. शून्य अंशाचे १०० ग्रॅम पाणी आणि शून्य अंशाचा १०० ग्रॅम बर्फ यांपैकी सरबत जास्त गार कशाने होईल?

४. '२० अंशाच्या दुप्पट गरम म्हणजे ४० अंश' असे एक जण म्हणाला. तोच आकडा फॅरनहाइटमध्ये मांडला तर ६८ आणि १०४ होतात. आता 'दुप्पट' कोठे गेले?

चौथा प्रश्न थोडा अवघड आहे. तो मुलांपुढे ठेवण्यापूर्वी शिक्षकांनी स्वतः सोडवून पाहावा.